टंच रक्ताचा आणि सोन्याचा

मागच्या महिन्यात सांगलीत एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते बाहेरगावचे, विषय उद्योजकतेचा आणि सभागृह भरलेलं. पाऊण तास झाल्यावर वक्त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "खरं सांगू का, आपल्या माणसाच्या रक्तातच धंदा नाही!" सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या माझ्या शेजारी बसलेल्या हळदीच्या अडत्यानं. त्याच्या आज्यापासून घरात दुसरं काही केलेलंच नाही. आपल्या रक्तात धंदा नाही हे ऐकून त्या बिचाऱ्याला इतका आनंद का झाला, हे कोडं घेऊनच मी घरी आलो.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सातारा-सांगलीकडच्या माणसाला घाम गाळता येतो, पैसा हलवता येत नाही. सहकारानं त्याला आयतं बसून खायची सवय लावली. पोरं स्पर्धा परीक्षेच्या वर्गात म्हातारी होतात. जोखीम म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. परमुलखातला माणूस हातात तांब्या घेऊन येतो आणि दहा वर्षांत पेढी टाकतो, आमचा मात्र पारावर बसून कोण निवडून येणार याची बेरीज-वजाबाकी करतो. उपाय काय, तर मानसिकता बदला. ती कशी बदलायची, याचं एक दोन दिवसांचं शिबिर वक्ते घेतात. शुल्काचं पत्रक खुर्चीवर आधीच ठेवलेलं होतं.

मी आयुष्यभर वाणिज्य शिकवलं. नफा-तोट्याच्या खात्यात रक्त कुठल्या बाजूला लिहायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही. पण वक्ते रक्ताची भाषा करतातच, तर आपण त्याचा टंच काढू. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. हा शब्द वक्त्यांना कदाचित ठाऊक नसेल. सभागृहापासून दीड-दोन तासांवर, खानापूर तालुक्यात, तो शेंबड्या पोरालाही कळतो.

विटा, लेंगरे, पळशी, तिकडं आटपाडी आणि साताऱ्याच्या हद्दीतले माण-खटाव हा पिढ्यान्‌पिढ्या पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. तिथली माणसं देशभर एक धंदा करतात, गलाईचा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. केरळातल्या कुठल्याही बऱ्याशा गावात, तमिळनाडूत, उत्तर प्रदेशात, बंगालमध्ये सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जा. एक अरुंद खोली, एक धुराडं, भिंतीवर गावच्या देवाचा फोटो आणि आत अस्सल माणदेशी बोलीत फोनवर चाललेलं बोलणं, "आरं, पाऊस पडला का न्हाई?" ही पेढी कुठल्याच शिबिराला न गेलेल्या माणसाची असते.

काम काय असतं ते नीट पाहू, कारण 'घाम गाळता येतो' या शेऱ्याचा निकाल इथंच लागतो. दागिना येतो तेव्हा त्यात तांबं किती, चांदी किती, डाग किती, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. तो मुशीत वितळवायचा. त्यात चांदी मिसळायची, साधारण सोन्याच्या तिप्पट, कारण चांदी कमी पडली तर तेजाबाला आतपर्यंत वाट मिळत नाही. मग तेजाबात टाकायचं. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी उरते ती मातकट तपकिरी भुकटी. नवख्या माणसाला ती फेकून द्यावीशी वाटेल, आणि तेच सोनं. ते धुऊन पुन्हा वितळवलं की पिवळी लगड. विरघळलेली चांदीही सोडायची नाही. पाण्यात तांब्याचे पत्रे टाकले की ती त्यावर परत जमते. दुकानातला केरसुद्धा विकायचा नाही, तो साठवून वर्षातून एकदा गाळायचा. यात घट किती धरायची, भाव सकाळचा लावायचा की संध्याकाळचा, सराफ परक्या भाषेत काय पुटपुटला आणि मनात काय म्हणाला, हे सारं आठवी-नववीत शाळा सोडलेलं पोर शिकतं. मल्याळम शिकतं, तमिळ शिकतं, हिंदी तर येता-जाता.

आणि जोखीम? परमुलखात, ना जमीन ना जात-गोत, आणि कुणाचं तरी लाखोंचं सोनं रात्रभर आपल्या खोलीत. त्याची पावती बहुतेकदा एक चिठोरी. सरकारनं १९६३ साली सोन्यावर नियंत्रण आणलं, १९६८ साली त्याचा कायदा केला आणि १९९० साली तो रद्द केला. तेवढा काळ सोन्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या मानेवर सुरी होती. गलाईवाला तेव्हाही भट्टीजवळच बसलेला होता. आता टंच काढायला यंत्रं आली, २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती सुरू झाली, मोठ्या रिफायनऱ्या उतरल्या. लहान गलाईवाल्याचं काम घटतं आहे. त्यावरही त्याची हालचाल चालू आहे. कुणी यंत्र घेतलं, कुणी सराफी दुकान टाकलं, कुणी गावाकडं डाळिंब-द्राक्षं लावली. जोखमीनं पोटात गोळा येणारी माणसं अशी असतात होय?

यावरून मी माझ्या एका जुन्या मित्राशी वीस वर्षं भांडत आलो. तो म्हणायचा, "गलाई हा उद्योग नव्हे, ती मजुरी. उद्योग म्हणजे कारखाना, भोंगा, फाटकावर वॉचमन." मी विचारायचो, स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या जोखमीवर, चार राज्यांत दुकानं असलेला माणूस मजूर, आणि कर्जाच्या पैशावर शेड बांधून दोन वर्षांत कुलूप लावणारा उद्योजक? त्यावर तो चहा मागवायचा. एकदा मीही हरलो, ते कबूल करतो. तो म्हणाला, "त्या तेजाबाचा धूर कुणाच्या छातीत जातो ते सांग." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कोंदट खोलीत पिवळा-तांबडा धूर खात पंधरा-सोळाव्या वर्षापासून बसलेली पोरं आहेत. शाळा सुटली, ती सुटलीच. या धंद्याचे पोवाडे गाताना हे झाकून ठेवणारा माणूस वक्त्यांइतकाच खोटं बोलतो. पण तो दोष हवेशीर खोलीच्या अभावाचा आहे, रक्ताचा नव्हे.

मुख्य मुद्दा पुढंच आहे. ही माणसं गेली कशी? मामाचं दुकान असतं, चुलत्याचं असतं. पोरगं आधी झाडलोट आणि भट्टी करतं, मग तेजाब, मग टंच. हात बसला की मामाच त्याला शेजारच्या शहरात जागा बघून देतो आणि भांडवल उसनं देतो. कागद नाही, तारण नाही. तारण एकच, गावात आईबाप आहेत आणि यात्रेला तोंड दाखवायचं आहे. वक्ते ज्या परमुलखातल्या व्यापाऱ्याचे गोडवे गातात, त्यानंही हेच केलं. त्याच्या तांब्यात जादू नव्हती. त्याच्यामागं भाऊबंदांची पत होती. खानापूरच्या दुष्काळी माणसानं तीच व्यवस्था, पेढ्यांची कुठलीही परंपरा पाठीशी नसताना, स्वतः उभारली. मग रक्त कुणाचं कुठं राहिलं? राहते ती पत.

इथं वक्ते हमखास म्हणतील, "पण किर्लोस्कर एखादाच!" अवश्य, किर्लोस्करांचंच घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये नोकरदार होते. बढती डावलली म्हणून बाहेर पडले, म्हणजे वक्त्यांच्या भाषेत 'नोकरीच्या मानसिकतेचे'. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. बेळगावची जागा सोडायची पाळी आली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगानं भरलेली जमीन दिली आणि पैशाचीही सोय केली. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. सहा वर्षांनी, १९१६ साली, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. त्यांनाही हात दिला तो औंधनंच. औंध संस्थान जेमतेम पाचशे चौरस मैलांचं, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. तेवढ्याशा संस्थानात असे दोन कारखाने निघतात आणि शेजारच्या, त्याहून कितीतरी मोठ्या ब्रिटिश मुलखात फारसे निघत नाहीत, याचं कारण हद्दीच्या दगडापाशी रक्त बदलतं हे असेल काय? की एका बाजूला जमीन आणि कर्ज देणारा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला कलेक्टर होता? याच दोन कारखान्यांचा माल विकत भाऊराव पाटील गावोगाव फिरले, आणि त्या फिरतीत जे पाहिलं त्यातून १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली. नांगर-कंदिलांचा हा विक्रेता पुढं कर्मवीर झाला. विकणं हलकं काम आहे असं त्यांना तरी वाटलं नसावं.

बाकीचे मुद्दे झटपट. स्पर्धा परीक्षा: ज्या पोरानं बापाला कांदा तोट्यात विकताना पाहिलं, त्याला पहिल्या तारखेचा पगार हवासा वाटतो, ही मानसिकता नव्हे, बेरीज आहे. राजकारणाचा पार: तो मुंबईतही आहे, तिथं त्याला क्लब म्हणतात. सहकार: त्याचं पुढं काय झालं ते मलाही ठाऊक आहे, त्यावर स्वतंत्र भांडू. पण आयतं खायला मिळण्याआधी कुणीतरी शेअर घ्यायला दारोदार फिरलं होतं, एवढं तरी आठवावं. आणि पैसा हलवता येत नाही म्हणे! सांगलीच्या पेठेत विकली जाणारी बरीचशी हळद सांगलीत पिकतच नाही, ती मराठवाड्यातून, तेलंगणातून येते. दुसऱ्याचं पीक आपल्या पेठेत आणून भाव ठरवणं, याला पैसा हलवणं म्हणत नसतील तर माझी वाणिज्याची पुस्तकं रद्दीत घालतो. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारे काय कीर्तन करत होते?

मग करायचं काय, असं कुणी विचारेल. माझं उत्तर वक्त्यांच्या शिबिराइतकं रंगीत नाही. पत द्या, ती जवळ द्या आणि माणूस बघून द्या. माझ्या धाकट्या भावानं पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागितलं होतं. साहेबांनी त्याला तीन वर्षांचा ताळेबंद मागितला. गिरणी अजून निघायची होती! पण नुसती कुरकूर नको, घडलेलं उदाहरण आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडला बायकांनी बँक काढायला घेतली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण काही प्रवर्तक अंगठेबहाद्दर. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या साहेबांनाही विचारा, कोण आधी सांगतं बघू. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. रक्त तपासायला कुणी सुई आणली नव्हती.

दुसरं, पाणी. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी जिथं पोचलं, तिथं गलाईचा पैसा गावात परतू लागला, बागांत, घरांत, गोठ्यांत. पोचलं नाही तिथं पोरं अजून गाडीत बसतात. तिसरं, भट्टीच्या खोलीला नीट धुराडं आणि त्या पोराला शाळेचा रस्ता. यापलीकडं माझ्याकडं योजना नाही, आणि ती नाही म्हणून वक्त्यांचं निदान बरोबर ठरत नाही.

व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती. पुढच्या वर्षी उद्योजकतेवर बोलायला एखाद्या गलाईवाल्याला बोलवा. फक्त लग्नसराईत बोलवू नका, दुकान सोडून येणार नाही. गावच्या यात्रेला येतो, तेव्हा गाठा. मानधनाचं विचारू नका, लाजेल. उलट जाताना तुमच्या मंडळाला देणगी देऊन जाईल. आणि त्या दिवशी माझ्या शेजारच्या अडत्याला पहिल्या रांगेत बसवा.