सुक्याबरोबर ओलेही?

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपल्याला चुलीने दिली. धूर सोसण्याची तयारी असेल, तर चुलीपुरती ती खरीही आहे. परंतु लाकडापासून जळणारा वायू करणाऱ्या गॅसिफायर नावाच्या भट्टीत तिचा अर्थ नेमका उलटा होतो. तेथे ओल्याच्या संगतीने सुकेही वाया जाते.

या भट्टीत लाकडाला पुरेशी हवा मुद्दामच दिली जात नाही. थोडे लाकूड जळते. त्याच्या आचेने उरलेल्याचा धूर आणि कोळसा होतो. तो धूर लालबुंद कोळशाच्या थरातून खाली ओढला गेला, की त्यातील बहुतेक डांबर मोडते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू हाती येतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे युरोपातील लाखो मोटारी याच वायूवर धावल्या. लाकूड ओले असले, की पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्ची पडते, कोळसा थंडावतो आणि न मोडलेले डांबर इंजिनाच्या झडपांना जाऊन चिकटते. दोष मात्र यंत्राच्या माथी येतो!

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरले पाहिजे. ओंडा सालीसकट ठेवला तर महिनोन्‌महिने वाळत नाही. म्हणून तोडताच फोडावा, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असा रचावा आणि वर छप्पर घालावे. परीक्षा सोपी आहे. ५०० ग्रॅम ढलप्या मंद आचेच्या भट्टीत वजन घटणे थांबेपर्यंत वाळवाव्यात. ४०० ग्रॅम उरल्या, तर ओल २० टक्के होती असे समजावे. लहान यंत्राला दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे मानवतात. भुसा हवेची वाट अडवतो. मोठे तुकडे एकमेकांत अडकून पोकळी धरतात. माती लागलेल्या लाकडाची राख वितळून तिचे खडे बनतात. भाताच्या तुसात तर सुमारे २० टक्के राख असते; त्याला वेगळ्याच रचनेची भट्टी लागते.

आता हे लाकूड आणायचे कोठून? पाच किलोवॅटचे यंत्र रोज चार तास चालवले, तर वीस युनिट वीज मिळते. युनिटला सव्वा किलो धरले, तर रोज २५ किलो, म्हणजे वर्षाला नऊ टन सुके लाकूड हवे. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी पाच टनांची वाढ धरली, तर दोन हेक्टरांची राई लागेल. तिचे चार भाग करावेत आणि दरवर्षी एकच तोडावा. सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारखी झाडे उसाच्या खोडव्याप्रमाणे बुंध्यातून पुन्हा फुटतात. पाला मात्र रानातच राहू द्यावा. जमिनीचा कस त्यात आहे.

ही नुसती कागदावरची आकडेमोड नव्हे. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या लहानशा गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये गॅसिफायर बसवला, आणि त्यासाठी झाडेही लावली. डिझेलच्या जोडीने या वायूवर चालणाऱ्या इंजिनाने गावाला दशकाहून अधिक काळ दिवे, पिण्याचे पाणी आणि पिठाची गिरणी दिली.

एक सावधगिरी मात्र क्षणभरही विसरू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राण घेतो. ही भट्टी बंद खोलीत, घराला लागून वा पडवीत कधीही नसावी. धुण्याचे डांबरी पाणीही विहिरीच्या आसपास टाकू नये.

यंत्र बाजारातून एका दिवसात आणता येते. राईला तीन-चार पावसाळे लागतात आणि लाकडाच्या राशीला एक सबंध उन्हाळा. ज्यांच्या मनात हा विचार असेल, त्यांनी येत्या मृगात आधी रोपे लावावीत आणि लाकडासाठी छप्पर उभारावे. यंत्राची चौकशी त्यानंतर केली तरी उशीर होणार नाही.