सावलीतील बाग आणि श्रावकाचे अंदाजपत्रक

पावसाळा सुरू झाला की शहरातील रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. नव्या घरात राहावयास आलेले एखादे कुटुंब तेथे जाते आणि गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस अशी आठ-दहा रोपे, रंगीत कुंड्या व खताच्या पिशव्या एकाच फेरीत घेऊन येते. घर तळमजल्यावर असते. मागची तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्टी इमारत व कुंपणाची भिंत यांच्यामध्ये दबलेली असते आणि तेथे ऊन फारसे पोहोचत नाही. श्रावणात गुलाबाची पाने पिवळी पडतात, मोगऱ्याला कळी धरत नाही आणि दिवाळीच्या साफसफाईत वाळलेल्या काड्यांसह कुंड्या जिन्याखाली जातात. पुढे कित्येक वर्षे त्या घरात एकच वाक्य ऐकू येते : ‘‘आपल्या हाताला झाड लागत नाही.’’

दोष हाताचा नसतो. गुलाब, मोगरा, जास्वंद यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते जेथे नाही तेथे त्यांना नेऊन ठेवणे म्हणजे त्यांच्या नाशाची व्यवस्था पैसे देऊन करणे होय. सामान्य घरात हा तोटा केवळ रुपयांचा ठरेल. जैन घरात मात्र त्याची नोंद दुसऱ्या वहीतही करावी लागते, कारण वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे ही शिकवण तेथे लहानपणापासून मिळालेली असते.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरमण नावाचे एक व्रत आहे. प्रयोजनावाचून घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहणे हा त्याचा आशय. त्यातील ‘प्रमादचर्या’ या प्रकारात विनाकारण जमीन उकरणे, विनाकारण पाणी सांडणे आणि विनाकारण वनस्पती तोडणे यांचा समावेश होतो. नवशिक्या बागप्रेमीच्या चुका तपासल्या तर त्या नेमक्या याच तीन खात्यांत जमा होतात : माती, पाणी आणि रोपे. त्याचे पैसेही याच तीन ठिकाणी वाया जातात. म्हणून व्रताची मर्यादा आणि खर्चाची मर्यादा या दोन गोष्टी येथे एकमेकींना पूरक ठरतात.

यावर कोणी विचारील की, मग बाग करूच नये काय? काही घरे तसे ठरवतात आणि तो निर्णय आदरास पात्र आहे. गृहस्थ संकल्पी हिंसेचा त्याग करतो. घरकामातील आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, ती कमीत कमी ठेवणे हे त्याचे कर्तव्य असते. ज्या घरात बाग करावयाची आहे, तेथे ती विवेकाने कशी करता येईल एवढाच प्रश्न उरतो.

पहिली पायरी बिनखर्चाची आहे. आठवडाभर काहीही विकत न घेता सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार वाजता त्या पट्टीचे निरीक्षण करावे. दुपारी एक पांढरा कागद जमिनीवर ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावली ठसठशीत पडली तर प्रकाश भरपूर आहे. कडा पुसट दिसल्या तर मध्यम आहे. सावली ओळखूच आली नाही तर ती जागा काळोखी समजावी. यात एक खाचखळगा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उत्तरेची पट्टी दिवसभर सावलीत राहते. पुण्यासारख्या ठिकाणी मेच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे एरवी थंड असणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर त्या दिवसांत कडक ऊन येऊ शकते. तेवढ्या काळापुरत्या नाजूक पानांच्या कुंड्या बाजूला सरकवण्याची सोय हवी. कुंपणाची भिंत आतून चुन्याने पांढरी केली तर मिळणारा थोडा प्रकाशही परावर्तित होतो. सावलीच्या बागेत याहून स्वस्त सुधारणा क्वचितच सापडेल. पट्टी सामाईक मालकीची असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

आता मातीचा विचार. नवशिक्याची पहिली ओढ कुदळ घेऊन पट्टी खणण्याकडे असते. तिची गरज नाही. इमारतीच्या भिंतीलगत खणून माती ओली ठेवल्यास भिंतीत ओल चढते, आणि उकरण्यात असंख्य सूक्ष्म जीवांचे घर मोडते. त्याऐवजी जुन्या विटांवर कुंड्या मांडाव्यात. तेलाचा रिकामा डबा, रंगाची स्वच्छ धुतलेली बादली, कडा फुटलेले मातीचे मडके यांच्या तळाला भोके पाडली की कुंडी तयार होते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा जाड वाळू एवढे मिश्रण सावलीतील बहुतेक झाडांना पुरते. तयार मिश्रण किंवा खत घेताना पिशवीवरील मजकूर अवश्य वाचावा. पुष्कळदा त्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, असतो. काही खतांत रक्ताची भुकटी किंवा मासळीचे अंशही असतात. निंबोळी पेंड हा सोपा पर्याय आहे. माती हाताळताना गांडूळ दिसले तर त्याला ओलसर, सावलीतील जागी हळूच सोडावे. हे सारे काम चातुर्मास लागण्यापूर्वी, ज्येष्ठातच उरकावे. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक म्हणून साधु-साध्वी विहार थांबवतात. त्या काळात श्रावकाने माती उपसण्याचे काम काढणे शोभत नाही.

दुसरे खाते पाण्याचे. सावलीतील कुंडी लवकर सुकत नाही, आणि तेथील झाडे तहानेपेक्षा अधिक पाण्याने मरतात. बोट मातीत इंचभर घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात आणि बुरशी धरत नाही. सूर्यास्तानंतर असली कामे न करण्याची जैन घरातील रीत येथे बागकामालाही हितकारक ठरते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी त्याच दिवशी काढून टाकावे. ते आठवडाभर राहिले तर त्यात डासांच्या अळ्या होतात, आणि मग त्या मारण्याचा प्रसंग येतो. आधीच्या दक्षतेने तो प्रसंगच टळतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते, पण ते साठवू नये. गाळलेल्या पाण्याचीही मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे, मानणाऱ्या घराला हे निराळे सांगावे लागणार नाही.

तिसरे खाते रोपांचे, आणि सर्वाधिक उधळपट्टी येथेच होते. सावलीची उत्तम झाडे बहुतेक फुकट मिळतात. शेजाऱ्याच्या मनीप्लांटचा एक तुकडा पुरतो, मात्र त्याला पेर असले पाहिजे. नुसत्या पानाला मुळे फुटली तरी त्याचा वेल होत नाही. सिंगोनियम तसेच पेरापासून येते. स्पायडर प्लांट लोंबत्या दांड्यांवर स्वतःच पिले देतो. कोलियसच्या फांदीला ओल्या मातीत दोनएक आठवड्यांत मुळे धरतात. स्नेक प्लांटचा गड्डा विभागून घ्यावा. पिवळ्या कडेच्या जातीचे पान तोडून लावले तर नव्या रोपाला ती पिवळी कडा येत नाही. विड्याच्या पानाचा वेलही ओलसर सावलीत सुखाने वाढतो. नेचे तर पावसाळ्यात भिंतीच्या फटीतून आपणहून उगवतात. ते उपटू नयेत, तीच बाग समजावी. मनीप्लांट, सिंगोनियम, डिफेनबेकिया यांची पाने चघळल्यास तोंडाची आग होते, म्हणून रांगते मूल असलेल्या घरात ती उंचावर ठेवावीत.

आले आणि हळद सावलीत चांगली येतात, असा सल्ला अनेक जण देतील. तो खराही आहे. परंतु कंद काढण्यासाठी झाडच मुळासकट उपटावे लागते, आणि कंदमूळ अनंत जीवांचे एकत्र शरीर मानले जाते. जे ताटात वाढायचे नाही ते कुंडीत लावण्याचे कारण नाही.

किडीचा प्रश्नही येतोच. स्नेक प्लांट आणि स्पायडर प्लांट यांवर कीड सहसा कमी पडते, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा. कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवले की वारा खेळतो आणि पिठ्या ढेकणाला आसरा मिळत नाही. एखादे पान किडलेच तर तेवढे पान अलगद काढून दूर सावलीत ठेवावे. फवारणीच्या बाटलीची खरेदी अंदाजपत्रकात धरूच नये.

अंदाजपत्रक असे मांडता येईल. समजा, हाती एक हजार रुपये आहेत. त्यातील निम्मे माती आणि खतासाठी ठेवावेत, कारण झाडाचे सारे आयुष्य त्यावर चालते. पाव हिस्सा चुना, विटा आणि एक-दोन कुंड्यांना द्यावा. उरलेला पाव हिस्सा राखीव ठेवावा आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नये. पहिल्या वर्षी पाच कुंड्या पुरेत. पाच ही संख्या आरंभीच ठरवून घरातील सर्वांनी मान्य करावी. परिग्रहाचे परिमाण ते हेच. सहावी कुंडी पाहिजेच असेल तर पहिल्या पाचांतील एक कोणाला तरी दिल्यानंतर ती आणावी.

अशा बागेत पहिले दोन महिने काही घडत नाही असे वाटते. मनीप्लांट आपली दोन पाने घेऊन स्तब्ध बसतो. घरातील मुले कंटाळतात, मोठी माणसे पाणी वाढवून पाहतात. त्या वेळी हात आवरणे हेच खरे बागकाम असते. भाद्रपदात, पर्युषणाच्या सुमारास, पेराच्या बाजूने गुंडाळलेले एक पोपटी पान बाहेर येते. कार्तिक संपेतो स्पायडर प्लांटला पहिले पिलू लोंबते. ते कापून मातीत लावावे, मुळे धरू द्यावीत आणि शेजारच्या घरी नेऊन द्यावे. जिन्याखालच्या रिकाम्या कुंड्यांपैकी एखादी धुऊन तीही सोबत द्यावी. देताना एवढेच सांगावे की, हे झाड उन्हात ठेवू नका आणि बोट लावून पाहिल्याशिवाय पाणी घालू नका.