माडाला भाव आला, माडावर चढणाऱ्याचं काय?

२०२५ मध्ये देशभर नारळाच्या भावानं उसळी घेतली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनारी तालुक्यांत मात्र बागायतदाराची पहिली तक्रार भावाची नाही, माणसाची आहे. नारळ तयार आहेत, पण ते उतरवायला कोणी मिळत नाही. चढणाऱ्याला फोन केला तर "पुढच्या आठवड्यात बघू" असं उत्तर येतं आणि तो आठवडा लवकर उजाडत नाही. तोवर सुकलेले नारळ कधी कौलांवर, कधी पायवाटेवर पडतात.

यावर गावागावांत एक ठरलेलं उत्तर मिळतं: हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. हीच पोरं बांधकामावर राबतात, मासेमारीच्या बोटीवर रात्र काढतात, गोव्यातल्या हॉटेलात बारा-बारा तास उभी राहतात. मग माडच का नको? त्याचं उत्तर कामाच्या हिशोबात आहे.

नुसतं नारळ पाडणं नव्हे

गोव्यात आणि सीमेलगतच्या गावांत ज्याला पाडेली म्हणतात, त्याचं काम नारळ तोडून संपत नाही. बाणवली जातीचा जुना माड ५०-६० फूट सहज जातो. वर पोचल्यावर कुठली पेंड तयार आहे, कुठली अजून महिनाभर ठेवायची, शहाळ्यासाठी कुठली काढायची, हे वरच ठरवावं लागतं. सुकलेल्या झावळ्या आणि जुन्या पोया काढून शेंडा साफ करायचा. गेंड्या भुंग्यानं कोवळा कोंब पोखरलाय का, सोंड्या भुंग्याची लक्षणं दिसतात का, हे खालून कळत नाही. वर गेलेल्यालाच ते आधी दिसतं. दोन महिने माडावर कोणी चढलं नाही तर फक्त नारळ राहत नाहीत, कीडही बिनबोभाट वाढते. सोंड्या आत शिरला आणि वेळेत कळलं नाही, तर साठ-सत्तर वर्षं फळ देणारा माड हातचा जातो.

म्हणजे हे झाडाची निगा राखण्याचं, कौशल्याचं काम आहे. पण गावात त्याची गणती रोजंदारीतच होते. त्याला सुतार किंवा वायरमनसारखं नाव नाही, आणि लग्नाच्या बोलणीत "मुलगा काय करतो" याचं उत्तर देताना घरचे अडखळतात. पैशांइतकीच ही अडचणही मोठी आहे.

रोजाचा हिशोब आणि वर्षाचा हिशोब

वरवर पाहिलं तर कमाई वाईट नाही. समजा माडामागे ५० रुपये मिळाले आणि दिवसात ३० माड झाले, तर हातात १,५०० रुपये येतात. गोव्यातल्या हॉटेलात नव्यानं लागलेल्या पोराला दिवसाचे इतके मिळणं कठीण. मग तरी तो मोप्याच्या बाजूला का वळतो?

कारण तो वर्षाचा हिशोब मांडतो. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरतं, माड निसरडा होतो आणि चार महिने काम जवळजवळ थांबतं. उरलेल्या दिवसांतही रोज ३० माड एका ठिकाणी मिळत नाहीत. एका वाडीत आठ, दुसरीत पाच, मध्ये दोन-तीन किलोमीटर चाल. कोणी पैसे देतो, कोणी नारळ देतो, कोणी "पुढच्या वेळी एकदम देतो" म्हणतो. ताप आला, पाय मुरगळला की रोज बुडाला. पगाराची नोकरी कमी पैशांची असली तरी महिन्याच्या ठराविक तारखेला खात्यात पैसे पडतात, आणि त्यावर गाडीचं कर्ज मिळतं. दिवसाला जास्त मिळूनही वर्षाची खात्री नाही, अशा धंद्यात पंचविशीचा मुलगा टिकत नाही.

पडल्यावर कोण?

सगळ्यात मोठा प्रश्न पडण्याचा आहे. पायात दोरीचा फास आणि कमरेला कोयता, एवढ्यावर आजही अनेक जण चढतात. खोडाला खाचा पाडल्या की चढणं सोपं होतं, पण त्याच जखमांतून किडीला वाट मिळते. पाय सटकला, कुजलेली झावळ हातात आली, वर मधमाश्यांचं पोळं निघालं किंवा झावळ विजेच्या तारेला टेकली, यातलं एक कारणही पुरतं. मणका मोडला तर घरातला कमावता माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो.

अशा वेळी काय मिळतं? राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात आणि उंचावरून पडणं हे कारण त्यात धरलेलं आहे. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या सदस्यासाठी आहे. चढणाऱ्याच्या नावावर किंवा घरात जमीन नसेल, तर तो बाहेर राहतो. म्हणजे स्वतःच्या माडावरून मालक पडला तर मदत, आणि त्याच माडावरून भूमिहीन चढणारा पडला तर काही नाही. धोका ज्याचा जास्त, तोच नियमाबाहेर.

दोन वाटा मात्र उघड्या आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या कुणालाही वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. बँक खातं असलं की झालं. दुसरी वाट नारळ विकास मंडळाची. खास माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे. तिच्या हप्त्याचा मोठा हिस्सा मंडळ उचलतं आणि थोडा चढणाऱ्याला भरावा लागतो. केरळात तिचा बोलबाला आहे, आपल्याकडे ती बागायतदारांनाही फारशी माहीत नाही.

यंत्र आलं, पण सोबत माणूस हवा

केरळनं हा पेच आपल्याआधी पाहिला. तिथले जुने चढणारे थकले, पोरं आखाती देशांत गेली. २०११ मध्ये नारळ विकास मंडळानं 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हा कार्यक्रम सुरू केला. सहा दिवसांचं प्रशिक्षण, चढायचं यंत्र आणि विमा, असं त्याचं रूप. यंत्र साधं आहे: दोन्ही पायांसाठी दोन भाग, प्रत्येकाची तार खोडाभोवती, एक पाय आवळायचा आणि दुसरा वर सरकवायचा. यानं ज्यांच्या घरात कोणी कधी माडावर चढलं नव्हतं अशी पोरं आणि बऱ्याच बायकाही या कामात आल्या. पिढीजात काम शिकून घ्यायचा व्यवसाय झालं.

कोकणात यंत्रं पोचलीत, काही अनुदानावरही आली, पण बरीच माळ्यावर पडून आहेत. यंत्रानं चढायला सुरुवातीला वेळ जास्त लागतो, वाकड्या माडावर ते नीट बसत नाही, आणि जुन्या हाताला त्याचा कंटाळा येतो. यंत्र वाटलं पण त्याभोवती गट, काम आणि विमा उभा केला नाही, तर ते भंगारातच जाणार.

पंचेचाळिशीनंतर काय?

धंदा निवडताना आणखी एक गोष्ट पाहिली जाते: वय वाढल्यावर काय? माडावर पन्नाशीपर्यंत रोज चढणं सगळ्यांना जमत नाही. पण झाडाचं ज्ञान असलेल्या माणसाला कोकणात जमिनीवरही काम आहे. हापूसच्या जुन्या, उंच वाढलेल्या बागांचं छाटणी करून पुनरुज्जीवन चालू आहे. तिथं कुठली फांदी ठेवायची हे कळणारा, छेदावर बोर्डो पेस्ट लावणारा, भिरूड ओळखून काढणारा माणूस लागतो. नुसता करवत चालवणारा नेला तर बाग दोन-तीन हंगाम मागे जाते. कलमं बांधणं आणि रोपवाटिका ही पुढची पायरी. पावसाळ्याआधी विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडायचं ठेकेदारीचं कामही दरवर्षी निघतं. वीज बंद असल्याची खात्री केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढं मात्र पक्कं हवं.

माड, आंबा छाटणी, कीड-उपचार आणि कलमं ही चारही कामं एकाच गटानं घेतली, तर पावसाळ्याचं रिकामपण बरंच भरून निघतं. आज ही कामं चार वेगवेगळ्या माणसांत विखुरलेली आहेत आणि चौघेही अर्धं वर्ष मोकळे आहेत.

तालुक्यानं काय करावं

यासाठी नव्या योजनेची वाट पाहायची गरज नाही. पहिलं, ग्रामपंचायतीनं गावातल्या चढणाऱ्यांची यादी करून त्यांचा २० रुपयांचा विमा एका दिवसात उतरवावा. दुसरं, वाडीतल्या बागायतदारांनी एकत्र येऊन गटाशी वर्षाचा करार करावा: किती माड, वर्षात किती फेऱ्या, पैसे कधी. ८०-१०० माड एका ओळीत मिळाले तर चढणारा दर कमी करायलाही तयार होईल. तिसरं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये इथं आहे, फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यात आहे. तालुका कृषी कार्यालयानं त्यांच्या मदतीनं यंत्र, कीड ओळख आणि छाटणी असं एकत्र प्रशिक्षण तालुक्यातच घ्यावं, आणि शिकलेल्याला दाखला द्यावा. चौथं, नवी लागवड करताना काही माड तरी ठेंगण्या जातीचे घ्यावेत. त्यांची पहिली काही वर्षं जमिनीवरूनच काढणी होते.

हे झालं नाही तर काय होईल, तेही दिसतंच आहे. चढणारे कमी होतील, उरलेल्यांचा दर वाढेल, छोटा बागायतदार पाच-दहा माडांसाठी माणूस आणणं सोडून देईल. नारळाचा भाव कितीही वाढला, तरी शेंड्यातला नारळ आपोआप बाजारात जात नाही. तो उतरवणाऱ्याच्या वर्षभराच्या पोटापाण्याची आणि जिवाची सोय करणं, हे बागायतदाराच्याही फायद्याचं आहे.