रक्त आपलं, विश्लेषण कोणाचं?

जबलपूरमध्ये नागपूर रोडवर आयसीएमआरची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ साली ती सुरू झाली. सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. हा आजार गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, तसाच विदर्भातल्या महार-बौद्ध कुटुंबांतही आहे. माझे आजोबा भंडाऱ्याहून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले. आमच्या नात्यातही सिकलसेलचे रुग्ण आहेत. मी बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. केलं, ते त्यामुळेच.

बीटा-ग्लोबिन जनुकातलं एकच अक्षर बदलल्याने सिकलसेल होतो. पण आई-वडील दोघांकडून तो बदल मिळालेल्या दोन मुलांपैकी एक सतत दवाखान्यात असतं, तर दुसऱ्याला त्रास कमी होतो. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन रक्तात किती टिकून राहतं, यावर हे बरंच अवलंबून असतं आणि त्यात बीसीएल११ए सारख्या इतर जनुकांचा हात असतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यांतून असे फरक शोधायला जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक तिन्ही लागतात. हेच बायोइन्फॉर्मॅटिक्स.

यात जातीचा प्रश्नही आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीचं मूळ सजातीय विवाहात दाखवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतातले लोकसमूह एकमेकांत मिसळत होते. पुढे ते थांबलं. आपलं रक्त नमुना म्हणून प्रयोगशाळेत जातंच. त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणाऱ्यांत आपण किती आहोत?

म्हणून या विषयात या, पण पूर्ण माहिती घेऊन या. नुसत्या एम.एस्सी.वर चांगली नोकरी मिळणं कठीण आहे. बंगळुरू, हैदराबाद, पुण्यातल्या कंपन्या लिनक्स, पायथन, आर आणि संख्याशास्त्र येतं का ते बघतात. संशोधनाच्या वरच्या जागांना पीएच.डी. लागते. नेटमध्ये बायोइन्फॉर्मॅटिक्स हा स्वतंत्र विषय नाही, सीएसआयआर-नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा द्यावी लागते. कोडिंगच्या नादात जीवशास्त्र सोडलं, तर प्राध्यापकीची वाट अडते.

एका खासगी प्रयोगशाळेच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला, "कोणत्या सरांकडून आलात?" ज्यांच्या घरात कुणी सर नाहीत, त्यांनी ओळखीच्या दारापेक्षा गुणांच्या दाराने आत जावं. एम.एस्सी.साठी जीएटी-बी द्या. त्यातून डीबीटीच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांत प्रवेश आणि विद्यावेतन मिळतं. पुढे जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. घरी पैसे पाठवत पीएच.डी. करता येते.

महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर आई-वडिलांची बचत घालू नका. एनसीबीआयचा डेटा आणि गॅलक्सीसारखी साधनं मोफत आहेत. एक साधा लॅपटॉप घ्या, सिकलसेलवरचा एखादा खुला डेटा उतरवा आणि स्वतः विश्लेषण करून बघा. मुलाखतीत दाखवायला तेच काम उपयोगी पडेल.

जय भीम.