चित्र कुणाचं, ते लिहा की!

खड्डे, पाणी आणि नगरपालिका यांना आज सुट्टी. विषय वेगळा आहे. छोटा वाटेल, पण सार्वजनिक पैशाचा आणि आपल्या सगळ्यांच्या आठवणींचा आहे.

एक काम करा. घरात 'अपूर्वाई' असेल तर काढा. लेखक कोण, हे पोरंसोरंही सांगतील. पण आतली चित्रं कुणाची? मी चार-पाच वाचणाऱ्या मित्रांना विचारलं, त्यात एक मराठीचे शिक्षक. चित्रं सगळ्यांना आठवत होती, नाव एकालाच आठवलं. शि. द. फडणीस.

१९६० साली हे पुस्तक आलं. तेव्हा आपल्याकडच्या किती लोकांनी विलायत पाहिली होती? टीव्ही नाही, नेट नाही. पुलंनी ती शब्दांत दाखवली आणि फडणिसांनी रेषेत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तर पुढची तीस वर्षं लंडन म्हणजे तेच. म्हणजे आपण त्या प्रवासाला गेलो ते दोघांच्या बोटाला धरून. लक्षात मात्र एकच राहिला.

फडणिसांचं नाव निदान गाजलेलं आहे. शाळेतल्या गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं बघून कितीतरी पोरांची गणिताची भीती कमी झाली. बाकीच्यांचं काय? मडगावचे दीनानाथ दलाल १९१६ साली जन्मले, १९७१ साली गेले. 'दीपावली' अंक त्यांनीच १९४५ मध्ये काढला. एक काळ असा होता की पुस्तकाला दलालांचं मुखपृष्ठ आहे म्हटल्यावर माणूस पुस्तक हातात घ्यायचाच. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. घराघरांतल्या कॅलेंडरवरचे देव त्यांचे, आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची मुखपृष्ठंही त्यांची. 'ललित'मधल्या ठणठणपाळाला चेहरा दिला वसंत सरवट्यांनी, आणि हे गृहस्थ पेशाने इंजिनीयर. आज पंचविशीतल्या किती जणांना ही नावं माहीत असतील?

तरुणांना दोष देऊ नका. त्यांना नाव दिसणार कुठे?

आता आपल्या वाचनालयांत काय होतं ते सांगतो. बातम्यांच्या निमित्ताने मी बरीच वाचनालयं हिंडलोय. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत नोंद होते. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत. चित्रकाराचा रकाना मी पाहिलेल्या एकाही वहीत नव्हता. पुढे पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडिंगला जातं. बाइंडर आधी मुखपृष्ठ फाडतो, पुठ्ठा आणि रेक्झिन चढवतो, पाठीवर नंबर टाकतो. पुस्तक वाचलं, चित्र गेलं. आणखी दहा-वीस वर्षांनी तेही 'जीर्ण' शेऱ्याखाली रद्दीच्या गठ्ठ्यात. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत असा गठ्ठा मी स्वतः बघितलाय. वरच्याच दिवाळी अंकावर कोपऱ्यात 'दलाल' अशी सही होती. वजनकाटा लावलेला होता.

यात कुणी वाईट हेतूने वागत नाही. ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा, अनुदान उशिरा, जागा अपुरी, सगळं मान्य. पण मुखपृष्ठ फाडण्याऐवजी आत चिकटवायला कितीसा खर्च येतो? दहा रुपयांचा डिंक.

आणि आपल्याकडे हे नेहमीच असं होतं असंही नाही. १९१४ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या, 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने. चित्रं काढली आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या एम. व्ही. धुरंधरांनी. त्या पुस्तकावर लेखकासोबत चित्रकाराचं नाव छापलंय. शंभर वर्षांपूर्वीचा परका प्रकाशक हे करतो. आजही काही चांगले मराठी प्रकाशक 'मुखपृष्ठ : अमुक' असं नीट छापतात, त्यांना सलाम. पण नव्या आवृत्तीत चित्रं गाळणारे, मुखपृष्ठ बदलून जुन्याचा उल्लेखही न करणारे काय कमी आहेत?

मला या विषयाचं वेड लागलं ते एका प्रवासात. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हाची गोष्ट. खिशात पैसे बेताचे, हौस दांडगी. साताऱ्याहून एसटीने रहिमतपूरमार्गे औंधला गेलो, यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय बघायला. रवि वर्म्याची चित्रं छापील सोडून पहिल्यांदा खरी पाहिली ती तिथे. आणि तिथे कळलं की हे सगळं जमवणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतःच पुस्तकासाठी चित्रं काढायचे. त्यांनी रामायण चित्रांत मांडलं होतं. राजा, आणि पुस्तकाचा चित्रकार! दुसऱ्या दिवशी रहिमतपूर स्टेशनवर पॅसेंजर धरली आणि किर्लोस्करवाडीला उतरलो. औंध संस्थानातल्याच माळावर वसलेलं हे गाव. नांगर करणाऱ्या या कारखान्याच्या गावातून १९२० साली मासिक सुरू झालं, आणि ते चालवणारे शंकरराव किर्लोस्करही मुळात चित्रकलाच शिकलेले. गाडीच्या खिडकीत बसून भेळ खाताना वाटलं, आपल्या गावाकडच्या या पट्ट्यात केवढी माणसं होऊन गेली, आणि आपल्याला कुणी साधं सांगितलंही नाही.

तेव्हापासून कुठेही गेलो की जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधी मुखपृष्ठाचा कोपरा बघतो. सही शोधायची सवय लागली. तुम्हीही लावून घ्या, फुकट आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. श्रेय देणं म्हणजे उपकार नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५७ नुसार चित्राचे हक्क विकले तरी 'हे माझं काम आहे' असं सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार राहतो. एकदा मानधन दिलं की नाव पुसायला आपण मोकळे, असं कायदाही म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फिरवताना खालची सही कापणाऱ्यांनीही हे वाचावं.

म्हणून मागणं तीन. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे, वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे आपल्याच करातून अनुदान मिळतं. तेव्हा ग्रंथालय संचालनालयाने दाखल नोंदवहीत चित्रकाराचा एक रकाना वाढवावा. दुसरं, बाइंडिंग करताना मुखपृष्ठ आत जपावं आणि रद्दीत काढण्याआधी जुन्या सचित्र पुस्तकांचे, दिवाळी अंकांचे निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. होतं हे. बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक नेटवर मोफत ठेवलेच आहेत ना? तिसरं, प्रकाशकांनी नव्या आवृत्तीत जुन्या चित्रकाराचं नाव एका ओळीत तरी छापावं.

आपल्या गावच्या वाचनालयाला मी या आठवड्यात लेखी अर्ज देणार आहे. सह्या हव्यात. ज्यांना करायची आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर या. येताना घरातलं एक जुनं सचित्र पुस्तक आणा आणि त्यातल्या चित्रकाराचं नाव शोधून आणा. सापडलं नाही तरी या. मिळून शोधू.