चढताना दम, उतरल्यावर दुखणे

जबलपूरच्या मराठी घरांत पाहुणे आले की भेडाघाटची सहल ठरलेलीच. धुवांधार धबधबा पाहून झाला, संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी झाली, की मंडळी चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्यांकडे वळतात. कलचुरी राजवटीतील हे प्राचीन मंदिर टेकडीवर आहे. चढताना थोरामोठ्यांची दमछाक होते. उतरताना सारे गप्पा मारीत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात आणि दोष चढणीला दिला जातो. खरे कारण मात्र उतरण हे असते.

स्नायूंचे तीन प्रकार

मानवी शरीरात तीन प्रकारचे स्नायू असतात. हाडांना जोडलेले स्नायू इच्छेनुसार हलवता येतात. त्यांची संख्या सहाशेहून अधिक आहे. आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील स्नायू आपोआप काम करतात. तिसरा हृदयाचा स्नायू. तो दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो.

पायऱ्या चढताना हे तिन्ही कामाला लागतात. मांड्यांना अधिक प्राणवायू हवा असतो, म्हणून हृदयाची गती वाढते. आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळले जातात आणि रक्त पायांकडे वळते. भरपेट जेवून लगेच चढू नये, ते याचसाठी.

मंद आणि जलद तंतू

हाडांच्या स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू लालसर असतात. ते प्राणवायूच्या साहाय्याने हळूहळू, पण दीर्घकाळ काम करतात. उभे राहणे, चालणे हे त्यांचे काम. जलद तंतू झटकन जोर लावतात आणि लवकर थकतात. दोन पायऱ्या एकदम चढणे, ठेच लागताच पुढे पाय टाकून तोल सावरणे, ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत.

उतरताना काय घडते?

विहिरीतून घागर ओढताना हात दोर आपल्याकडे खेचतात. भरलेली घागर सावकाश खाली सोडायची असेल, तर दोर धरून ठेवत थोडाथोडा सोडावा लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू असाच लांबत जाऊन शरीराचा भार पेलतो. यात प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे दम लागत नाही; पण तंतूंवर ताण अधिक पडतो. सवय नसेल तर त्यांना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवसांत दुखणे वाढते. त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, पण ते तास-दोन तासांतच ओसरते. दुखणे काही दिवसांत आपोआप थांबते आणि पुढच्या वेळी तीच उतरण कमी त्रास देते.

वय वाढले की

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यातही जलद तंतू अधिक. म्हणूनच रोज फिरायला जाणारे आजोबाही अडखळल्यावर सावरू शकत नाहीत. नुसते चालणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवले. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम किमान तीन दिवस.

घरच्या घरी एक सोपा उपाय आहे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर धपकन न बसता मनात चार आकडे मोजत बसावे, मग उठावे. सुरुवातीस पाच वेळा पुरे. सांधे दुखत असतील किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. चढताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ते स्नायूंचे साधे दुखणे समजू नये.

पुढच्या सहलीच्या महिनाभर आधी हा सराव सुरू केला, तर देवळाच्या पायऱ्या उतरून आलेले पाहुणे तिसऱ्या दिवशीही हसतमुखाने जिना उतरतील.