सनरूफला पैसे आहेत, डिकीच्या जाळीला नाहीत

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठी गाडी उभी आहे त्यांनी वाचाच. ज्यांचा भाऊ, मेहुणा, भाचा अशी गाडी घेऊन गावी जातो, त्यांनी त्याला पाठवा.

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही गावाहून परत येत होतो. गाडी मेहुण्याची, सात सीटची. तिसरी रांग पाडून सामान भरलेलं. कोकणातून डोंबिवलीला येणारी गाडी कशी भरते हे तुम्हाला सांगायला नको. तांदळाचं पोतं, आंब्याच्या दोन पेट्या, नारळ, एक फणस, बॅगा, आणि सगळ्यात वर, अगदी निघताना, आईने ठेवायला लावलेला दगडी वरवंटा. मिक्सरची चटणी तिला चालत नाही. वरवंटा गोणपाटात गुंडाळलेला होता एवढंच. आई मधल्या रांगेत, पुढे मेहुणा आणि मी.

शिळफाटा सोडला, काटई नाक्याच्या अलीकडे एक बाईकवाला उजवीकडून आडवा घुसला. मेहुण्याने करकचून ब्रेक मारला. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. धडक झाली नाही. बाईकवाला हात दाखवून निघूनही गेला. पण वरवंटा आईच्या उजव्या कानाजवळून पुढे आला आणि आमच्या दोघांच्या मधून जाऊन थेट डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर आपटला. स्क्रीनचा चुरा झाला. आईच्या कानापासून किती लांबून गेला असेल? चार बोटं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाली, "वरवंटा फुटला नाही ना?"

मेहुण्याला स्क्रीनचं दुःख. मला रात्रभर झोप नाही.

लक्षात घ्या, ही नुसत्या ब्रेकची गोष्ट आहे. धडक झाली असती तर काय झालं असतं, याचं गणित शाळेतलंच आहे, मी भावाच्या मुलीकडून करून घेतलं. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने जाऊन आदळली तर आत सुटी असलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. तो वेग म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. आपल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. ८० चा वेग असेल तर २५ मीटर, म्हणजे आठवा मजला. १०० ला तेरावा. आता डोळ्यांसमोर आणा, टॉवरच्या तेराव्या मजल्यावरून कोणीतरी तांदळाचं पोतं खाली टाकलंय आणि खाली खुर्चीत तुमची आई बसली आहे. सोसायटीत असं कोणी केलं तर पोलीस येतील. हायवेला आपण रोज करतो आणि गाडीच्या मागे "आई-बाबांचा आशीर्वाद" लिहितो.

काही जण भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा गावी नेतात. १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, मिळून जवळपास ३० किलो. तो आडवा टाकतात, म्हणजे वळणावर गडगडतो. त्यावर लिहायला बसलो तर शिव्या येतील, म्हणून सोडतो.

आता मुद्द्याचं. यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. डिकीची जाळी. पाचशेपासून हजार-दीड हजारापर्यंत मिळते. ज्या गाडीला आपण सनरूफसाठी वरचं मॉडेल घेतो, ज्यात निळे-जांभळे दिवे लावतो, ज्याच्या सीट कव्हरवर पंधरा हजार घालवतो, त्या गाडीत ही जाळी नसते. शोरूमवाले गाडी देताना "बेसिक किट" गळ्यात मारतात. त्यात मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती, परफ्यूम सगळं असतं. जाळी असलीच तर वेगळे पैसे, आणि मागितली तर सेल्समनला आत जाऊन विचारून यावं लागतं. मेहुण्याला गाडीची चावी देताना भलीमोठी थर्माकोलची चावी हातात देऊन फोटो काढला, केक कापला. पण डिकीच्या तळाला चार लोखंडी कड्या आहेत, त्या कशासाठी आहेत, हे कोणी सांगितलं नाही. दोन वर्षं तो समजत होता की त्या कार्पेट उचलायला दिल्यात!

त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी आणि तो जाळी बसवायला गेलो. दुकान कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे हेच चालतं. पोराने एक लवचिक जाळी काढली, चार प्लॅस्टिकचे हुक काढले आणि म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांत स्क्रू मारून देतो." कशात मारणार? तर बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलमध्ये. अरे बाबा, ते पॅनेल हाताने ओढलं तर निघतं, ते पोतं काय धरणार? मग म्हणाला, खाली पत्र्यात भोक पाडतो. खाली वायरिंग असतं, काही गाड्यांत त्याच भागाच्या जवळ टाकी असते. आम्ही उठून आलो.

तर जे नंतर समजून घेतलं ते सांगतो. लवचिक जाळी ही भाजीच्या पिशव्या लवंडू नयेत म्हणून असते. तिच्यात पोतं धरायची ताकद नाही, ती ताणली जाते आणि सामान निसटतं. जड सामानासाठी पट्ट्यांची, बकल असलेली जाळी घ्यायची, आणि तिचे हुक कंपनीने बॉडीला दिलेल्या लोखंडी कड्यांनाच अडकवायचे. डिकीच्या बाजूला पिशवी टांगायला जे प्लॅस्टिकचे हुक असतात त्यांच्या शेजारी बहुतेक वेळा वजन लिहिलेलं असतं, ते दोन-तीन किलोचं असतं. तिथे जाळी लावली की लावली नाही सारखंच. कड्या नसतील किंवा सापडत नसतील तर गाडीचं पुस्तक काढा. हो, ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या खाली असतं ते.

आणि जाळी लावली म्हणून कसंही भरायचं नाही. जड ते सगळ्यात खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून. मध्ये जागा सोडली की तेवढ्या जागेत सामान वेग घेतं. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायचं नाही. रचायचंच असेल तर सीटच्या वरून छतापर्यंत उभी जाळी लागते, तिच्यासाठी छताजवळ वेगळ्या खोबण्या असाव्या लागतात, आणि त्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत नसतात. मागची सीट दुमडून परत उभी केली की तिचं लॉक खटकन बसलं का, हाताने हलवून बघा. मागे कोणी बसलेलं नसेल तरी मागचे बेल्ट लावून ठेवा, सीटच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो. युरोपात सीटची पाठ सामानाचा धक्का सोसते का हे तपासायला १८-१८ किलोचे दोन ठोकळे मागे ठेवून ५० च्या वेगाची चाचणी घेतात. आपण मागे किती भरतो ते आठवा.

आता काही जण म्हणतील, आधी खड्डे बुजवा, मग जाळीचं बोला. खड्ड्यांवर मी किती लिहिलंय हे तुम्हाला माहीत आहे, आणि पुढेही लिहीन. पण खड्डा आहे म्हणूनच तर ब्रेक मारावा लागतो ना? कल्याण-शिळ रोडला दर दोन मिनिटांनी कोणीतरी आडवं येतं. घोडबंदरला गायमुखच्या चढावर कंटेनर मागे घसरतो. अशा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत सामान जास्त बांधलेलं हवं, कमी नाही.

बेल्टच्या बाबतीतही आपण असंच केलं. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. महाराष्ट्र रडला आणि विसरला. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागचे दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. त्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. मग १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती, हजार रुपये दंड. कायदा आधीपासून होताच. आणि आपण काय केलं? बेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून खोटं बकल विकत घेतलं! शेवटी मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना ती बकलं काढून टाकायचे आदेश द्यावे लागले.

माणूस बेल्ट न लावता मागे बसला तर तो पुढच्यावर येऊन आदळतो, एवढं तरी त्या दोन मोठ्या अपघातांनंतर आपल्या कानावर पडलं. मग पोतं काय वेगळं करतं? बेल्ट लावून शहाण्यासारख्या बसलेल्या माझ्या आईच्या डोक्यात वरवंटा बसला असता तर बेल्टचा काय उपयोग होता? जर्मनीच्या रस्ते नियमांत २२ वं कलम यावरच आहे. जोरात ब्रेक मारला, अचानक वळवलं तरी सामान सरकता, पडता, गडगडता कामा नये. हे ट्रकलाही लागू आणि घरच्या कारलाही. आपल्याकडे सामान गाडीच्या बाहेर आलेलं असलं तर पोलिसाला दिसतं. आत कसं भरलंय हे विचारताना मी तरी कुठल्या नाक्यावर कोणाला पाहिलेलं नाही.

आमच्या धंद्यालाही सोडत नाही. मी वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहिल्या. "गाडीचा चक्काचूर", "सामान रस्त्यावर विखुरले" हे शेकडो वेळा लिहिलं असेल. ते सामान विखुरण्याआधी गाडीत कोणाकोणाला लागून गेलं, हा प्रश्न मी एकदाही कुठल्या हवालदाराला किंवा डॉक्टरला विचारला नाही. डिप्लोमाला शिकवलं नव्हतं, हे कारण चाळिशीनंतर चालत नाही.

आणि शाळेच्या व्हॅन! मागे सीएनजीची टाकी, टाकीवर फळी, फळीवर चार पोरं, त्यांच्या मांडीवर आणि डोक्यामागे दप्तरं. सकाळी साडेसहाला डोंबिवलीत कुठल्याही चौकात उभे राहा, अशी एक तरी दिसेल. यावर स्वतंत्र पोस्ट लिहितोय. पालकांनो, तोपर्यंत उद्या सकाळी व्हॅनचं मागचं दार एकदा उघडून बघा.

माझी मागणी साधी आहे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात. ते आरटीओ आणि वाहतूक पोलिसांकडून मिळतात, म्हणजे गाडीमालक निघण्याआधी त्यांच्यासमोर उभा असतो. त्याच वेळी एक कागद हातात द्या, सामान कसं बांधायचं याची चार चित्रं काढलेला. नाक्यावर गाड्या निघतात त्या रात्री पाच-दहा गाड्यांच्या डिक्या उघडून बघा, दंड नका करू, नुसतं सामान बांधून घ्या. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात गुलाबाचं फूल देता ना, त्याऐवजी दोन मीटर पट्टा द्या. शोरूमवाल्यांना सांगा, चावीचा फोटो नंतर, आधी ग्राहकाला डिकीतल्या कड्या दाखवा. ठाणे आणि कल्याण दोन्ही आरटीओंना हे निवेदन मी या आठवड्यात लेखी देतोय. पोच मिळाली की फोटो इथे टाकेन. पोच नाही मिळाली तरी टाकेन.

मेहुण्याने जाळी बसवली आहे, कड्यांना, पट्ट्यांची. येत्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा गाडी घरडा सर्कलजवळ उभी करून डिकी उघडी ठेवतो. कशी लावलीय ते बघायला या, येताना गाडीचं पुस्तक आणा. स्क्रीन अजून फुटकीच आहे, तीही बघून घ्या.